वावरांतली भाजी आणि घरांतलें रक्त

(वऱ्हाडांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय भाजीपाला हा आहे. कांहीं जणांना हंसूं येईल. कपाशीच्या भावावर बोलावें, कर्जावर बोलावें, पोरांच्या शाळेवर बोलावें, तें सोडून हा गृहस्थ मेथी-तरोट्यावर काय बोलणार, असें कोणाच्या मनांत आलें असेल. परंतु विचार करा. वावर नांगरतो तो देह, ऐरणीवर घण घालतो तो देह, चाक फिरवितो तो देह, आणि लेंकरूं पोटांत वाढवितो तोहि देहच. सावकाराचें कर्ज कागदावर दिसतें. देहाचें कर्ज दिसत नाहीं, पण त्याचें व्याज रोज द्यावें लागतें. तें कसें, तेवढें आज सांगतों.

२०१९ ते २०२१ या काळांत सरकारनें देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तींत आपल्या महाराष्ट्रांत १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायांपैकीं ५४ बायांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या दर १०० मुलांत अशीं ६९ मुलें निघालीं. म्हणजे ह्या मांडवांत बसलेल्या बायांपैकीं निम्म्याहून अधिक आणि मांडीवरच्या लेंकरांपैकीं तिसऱ्या हिश्श्याखेरीज बाकीचीं सगळीं! निंदतां निंदतां जी बाई धुऱ्यावर बसते आणि धाप टाकते, तिला आपण आळशी म्हणतों. जें पोर शाळेंत पेंगतें, त्याला मास्तर मठ्ठ म्हणतो. बाळंतपणांत जी पोर जाते, तिचें नशीब खोटें म्हणून आपण मोकळे होतों. बंधूंनो, पुष्कळ वेळां तें नशीब नसतें, आळसहि नसतो. अंगांत रक्त नसतें.

आतां ह्यासंबंधीं एक खरी हकीकत ऐका, कारण ती आपल्या महाराष्ट्रांतच घडलेली आहे. १९२८ सालीं लुसी विल्स नांवाची एक विलायती डॉक्टरीण मुंबईस आली. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्याचें कारण शोधण्याचें काम तिच्याकडे होतें. वऱ्हाडासारख्या मुलखांतला कापूस ज्या गिरण्यांत जात असे, त्याच गिरण्यांतल्या ह्या बाया, हें ध्यानांत ठेवा. त्या काळीं पुष्कळांना वाटे कीं हा कसलातरी जंतूचा रोग असावा. विल्सबाईंनीं त्या बायांचीं घरें पाहिलीं, ताटें पाहिलीं, आणि रोग ताटांत सांपडला. जिच्या ताटांत चांगलें अन्न नाहीं, ती फिकी पडते. यीस्टचा, म्हणजे आंबवणाच्या बुरशीचा स्वस्तांतला अर्क त्या बायांना चारतांच त्यांचें रक्त भरूं लागलें. १९३१ सालीं विल्सबाईंनीं हें छापून प्रसिद्ध केलें. त्या अर्कांत असें काय होतें, हें शोधतां शोधतां दहा वर्षें गेलीं. आणि १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं तें द्रव्य कशांतून वेगळें काढलें म्हणाल? पालकाच्या पानांतून! पानाला लॅटिन भाषेंत फोलियम म्हणतात, म्हणून त्याचें नांव फोलिक ॲसिड ठेविलें. आज सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईला जी गोळी देतात, तींत लोहाबरोबर हेंच द्रव्य असतें. तें कमी पडलें तर बाळाचा पाठीचा कणा व मेंदू नीट घडत नाहीं, असेंहि पुढें सिद्ध झालें.

अशा हिरव्या पाल्याची आपल्याकडे वाण होती काय? मुळींच नव्हती. ती कशी पडली तें पाहा. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आलें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरापर्यंत पोंचली. तेव्हांपासून आपण कापसाच्या गांठी बाहेर पाठवितों आणि पोटाला लागेल तें बाजारांतून आणतों. तरी आपल्या बापजाद्यांनीं एक शहाणपण राखलें होतें. कपाशीच्या तासांत तूर, मूग, उडीद, चवळी असे. धुऱ्यावर अंबाडी असे, मधूनच भेंडी व काकडीचे वेल असत. निंदायला गेलेली बाई सांजेला येतांना ओट्यांत तरोटा, घोळ, माठ, केना घेऊन येई. भाजीला पैसा पडत नसे. तण म्हणून उपटलें, तेंच कालवण म्हणून शिजलें.

पुढें २००२ सालापासून बीटी कपाशी आली. आतां वावरांत एका कपाशीवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. तणनाशकाची फवारणी झाली कीं तरोटाहि जळाला आणि घोळहि जळाली. रेशनच्या दुकानांत गहूं-तांदूळ मिळतो, त्यानें पोट भरतें; पण रेशनवर भाजी मिळत नाहीं. मग घरांत काय शिजतें? एक दिवस बटाटा, एक दिवस बेसन, एक दिवस नुसती चटणी. आणि पोरांच्या हातीं पांच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी. ज्याच्या वावरांतून गाडीभर कापूस निघतो, त्याच्या ताटांत मूठभर पाला नसावा, ह्याला काय म्हणावें?

कोणी म्हणेल, "भाजी न खाल्ली तर काय मरतों काय? भाकर तर खातों." बाबा, भाकर पाहिजेच, ज्वारी हें उत्तम धान्य आहे. परंतु नुसत्या धान्यावर देह चालत नाहीं. हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंत डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी काम करीत होते. त्यांनीं १९६० च्या सुमारास दाखवून दिलें कीं दख्खनांत जे गरीब लोक जवळजवळ ज्वारीवरच राहतात, त्यांच्यांत पेलाग्रा नांवाचा कातडीचा व मेंदूचा रोग होतो. ज्वारीला दोष नाहीं; ज्वारीला सोबती पाहिजेत. डाळ, भाजी, शेंगदाणे, जमेल त्याला दूध, अंडें, मासळी हे ते सोबती होत.

आतां आपल्याच मुलखांतल्या भाज्यांकडे वळूं.

पहिला मान मुंगण्याला. ज्याला पुण्याकडे शेवगा म्हणतात तोच आपला मुंगना. शेंगा सगळे खातात, पाला मात्र आपण शेळीला टाकतों. तोलास तोल पाहिलें तर त्या पाल्यांत गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. शिवाय डोळ्यांना लागणारें द्रव्य आणि पालेभाज्यांत क्वचित् सांपडणारा प्रथिनांचा अंशहि त्यांत बराच आहे. म्हणजे मुंगण्यानें दूध सोडावें असें नव्हे. पण ज्याच्या दारीं गाय नाहीं, त्याच्या दारीं मुंगण्याचें झाड तरी असावें.

दुसरी अंबाडी. हिच्यासारखी गुणी बाई नाहीं. वाखाचा दोर वळतो, बोंडांचें सरबत होतें, पाल्याची भाजी होते. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजविलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी, हें आपल्या वऱ्हाडाचें पक्वान्न आहे, आणि तें वैद्यशास्त्रालाहि मानवतें. पाल्यांतलें लोह शरीर सहजासहजीं घेत नाहीं. आंबटपणा असला म्हणजे तें अधिक घेतें. म्हणून लोखंडी कढई असेल तर अंबाडी तींत शिजवावी. आंबट पाला कढईचें थोडें लोह ओढून घेतो आणि तें आपल्या पोटांत जातें. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत आंबट भाजी शिजवूं नये. आमच्या लोहार बंधूंनीं बनविलेली कढई म्हणजे एक प्रकारें औषधाचें भांडेंच होय. मात्र शिजल्यावर भाजी तींत ठेवूं नये, काढून घ्यावी.

तिसरी घोळ आणि तिची धाकटी बहीण चिवळ. उन्हाळ्यांत जेव्हां दुसरी भाजी दिसत नाहीं, तेव्हां चिवळ बाजारांत येते. मासळींत जशी हृदयाला हितकर चरबी असते, तिच्याच जातीचा एक प्रकार घोळीच्या पानांत असतो; पालेभाज्यांत ही गोष्ट विरळा.

मग पावसाळ्याचा तरोटा, काटवल, माठ, चवळीचा पाला. हिवाळ्यांत हरभऱ्याचा पाला, कर्डीची भाजी, मेथी, पालक, चुका, मुळा. ह्या सर्व हिरव्या पाल्यांत आणि पिवळ्या भोपळ्यांत व गाजरांत असें एक द्रव्य आहे कीं ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें. तें नसलें तर पोराला सांजेनंतर दिसेनासें होतें, त्याला आपण रातांधळें म्हणतों. आणि तसेंच चालूं दिलें तर बुबुळावर फूल पडून डोळा कायमचा जातो. ह्याच कारणासाठीं सरकारनें १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजण्यास सुरुवात केली. तो डोस चुकवूं नका. पण डोस सहा महिन्यांनीं येतो, ताट रोज येतें. हें द्रव्य तेलांत विरघळतें, म्हणून पालेभाजीला चमचाभर तेल लागतेंच. बिनतेलाची उकडलेली भाजी हा कांहीं आरोग्याचा मार्ग नव्हे.

वांगें, दोडका, भेंडी, गवार, वालाच्या शेंगा ह्यांत हें सर्व थोडें कमी, पण चोथा भरपूर. त्यानें कोठा साफ राहतो, साखर रक्तांत हळूहळू चढते. मधुमेह व रक्तदाब हे पूर्वीं गादीवर बसणाऱ्या शेठजींचे रोग समजत. आतां ते खेड्यांत आले आहेत. सांबार, कांद्याची पात, हिरवी मिरची, लिंबू, आवळा, पेरू ह्यांत क जीवनसत्त्व असतें. आपला हिरव्या मिरचीचा ठेचाहि त्या दृष्टीनें रिकामा नाहीं. तिखट झेपेल इतकें खा, पण वर लिंबू पिळा.

रोज किती भाजी खावी? जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं मोठ्या माणसानें बटाटा सोडून फळें व भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम तरी खाव्यात. गरोदर बाईच्या पोटांत रोज १०० ग्रॅम पालेभाजी जावी, असें राष्ट्रीय पोषण संस्थेनें सांगितलें आहे. शंभर ग्रॅम म्हणजे पावशेराच्या निम्म्याहूनहि कमी. एवढें आपल्याला जड आहे काय?

आतां बायांना थोडें सांगावयाचें आहे. रागावूं नका. आपण भाजी आधीं चिरतों आणि मग पाण्यांत खळखळ धुतों. गुण सगळा पाण्याबरोबर मोरींत जातो. आधीं धुवा, मग चिरा. भाजी उकळून पाणी फेकतों, तें फेकूं नका. वरणांत घाला, भाकरीचें पीठ भिजवा. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा टाकतों, तो टाकूं नका. त्यानें जीवनसत्त्वें नासतात. झांकण ठेवून थोडा वेळच शिजवा. आणि जेवणाला लागून चहा घेऊं नका. चहा अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. दोन्हींमध्यें तास-दीड तास तरी जाऊं द्या.

आतां पुरुषांना. बाई भाजी खुडून आणते, चिरते, शिजविते, आणि शेवटीं जेवते. घरधनी जेवला, पोरें जेवलीं, सासूसासरे जेवले, पाहुणा जेवला; मग तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळचा रस्सा आणि भाकर. ज्या बायांत रक्त कमी आहे म्हणून मीं आरंभीं आंकडा सांगितला, त्याचें एक कारण दवाखान्यांत नाहीं, आपल्या चुलीपाशीं आहे. माझी विनंति आहे कीं घरांतल्या प्रत्येक पुरुषानें जेवायला बसण्यापूर्वीं विचारावें, "तुझी भाजी काढून ठेवली काय?" एवढा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाहीं.

बाळंतिणीचें तर विचारूंच नका. पालेभाजी वातूळ, वांगें बाधतें, बाळाला हगवण होईल, असें म्हणून महिना महिना तिला भात-मेथ्यांवर ठेवतात. जिच्या अंगांतून एवढें रक्त गेलें, तिलाच रक्त भरणारें अन्न बंद! हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? ज्याला चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगें सोडावयाचें त्यानें खुशाल सोडावें. पण पोथीचा नियम बाळंतिणीच्या, लेंकराच्या आणि चिखलांत राबणाऱ्या मजुराच्या ताटावर लादूं नये. नीट धुतलेली व शिजविलेली पालेभाजी बाळंतिणीला हितकरच आहे.

कोणी म्हणेल, "महाराज, आम्ही खारपाणपट्ट्यांतले. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनीं शेंकडों गांवांत विहिरीचें पाणी खारट. भाजी लावावी कशी?" ही अडचण खरी आहे, आणि अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत ती आहे. परंतु सगळ्या भाज्या खाऱ्या पाण्याला सारख्याच भीत नाहींत. पालक आणि घोळ बरीच तग धरतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर पाऊस गोडाच पडतो. तेव्हां धुऱ्यावर अंबाडी, चवळी, माठ घ्या. शेततळें असेल तर त्याच्या कांठीं चार वाफे भाजीचे राखा. मेथी, हरभऱ्याचा पाला, गवार मुबलक असतांना सावलींत वाळवून ठेवा; कडक उन्हांत वाळविल्यास डोळ्यांचें द्रव्य जळतें. ज्यांना वावरच नाहीं, अशा कारागीर व मजूर बंधूंनीं परसांत एक मुंगना आणि कुडावर दोडक्याचा एक वेल तरी लावावा. गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन वऱ्हाडांतलीं आणि वऱ्हाडाबाहेरचीं गांवें झाडलीं. ज्या सांडपाण्याच्या डबक्यांवर डांस होतात, तेंच पाणी मुंगण्याच्या आळ्यांत सोडलें तर गांवहि स्वच्छ राहील आणि झाडहि वाढेल. मात्र कच्चा खावयाचा पाला त्या पाण्यावर लावूं नये.

आतां चार गोष्टी सावधगिरीच्या सांगतों, कारण अर्धवट ऐकून कोणाचें नुकसान व्हावयास नको.

एक. भाजी हें अन्न आहे, औषधाचा बदला नाहीं. रक्त फारच उतरलें असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन तपासून घ्या, गोळ्या घ्या. आपल्या विदर्भांत सिकलसेलचा रोग बऱ्याच घरांत आहे. त्याचें कारण वेगळें असतें, तें केवळ पाल्यानें किंवा लोहाच्या गोळीनें जात नाहीं. मधुमेहवाल्यानें कारल्याचा रस पिऊन डॉक्टरची गोळी बंद करूं नये.

दोन. ज्याला मुतखडा आहे त्यानें पालक, घोळ, चिवळ, चुका बेतानें खावा, आणि पाणी भरपूर प्यावें.

तीन. फवारलेल्या वावरांतली भाजी खुडूं नका. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें विसरूं नका. खावयाच्या भाजीचा वाफा कपाशीपासून दूर ठेवा.

चार. ओळख पटल्याखेरीज रानपाला खाऊं नका. तरोट्याचा कोंवळा पालाच घ्यावा. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. त्याच्या बिया पोरांच्या पोटांत गेल्यास जीवावर बेततें. ही ओळख म्हाताऱ्या बायांना आहे, मेळघाटांतल्या कोरकू बायांना तर आपल्याहून अधिक आहे. त्यांच्यापाशीं बसून पोरींनीं ती शिकून घ्यावी. त्या गेल्या म्हणजे ही विद्याहि जाईल, आणि ती कोणत्याहि छापील पुस्तकांत पुरी सांपडावयाची नाहीं.

शेवटीं एकच सांगावयाचें. आपल्या मनांत एक लाज शिरली आहे. पाहुणा आला कीं तरोट्याचें पातेलें झांकून ठेवतों आणि उधारीवर बटाटे आणतों. "रानभाजी गरिबानें खावी" असें आपणच म्हणूं लागलों. आणि आतां शहरांत काय चाललें आहे? कृषिखातें पावसाळ्यांत रानभाजी महोत्सव भरवितें, आणि मोटारींतून उतरलेले लोक तीच भाजी पैसे मोजून नेतात. मुंगण्याच्या पाल्याची भुकटी डब्यांत भरून टॉनिक म्हणून विकतात. जें आपण टाकून दिलें, तें उद्यां आपल्यालाच विकत घ्यावें लागेल. शेतकऱ्यानें स्वतःच्या वस्तूची किंमत स्वतः ओळखली नाहीं, म्हणून दुसऱ्यानें ती ठरविली. कपाशीचें हेंच झालें, भाजीचें तरी होऊं देऊं नका.

म्हणून आज घरीं गेल्यावर ठराव करा. येत्या मृगाला प्रत्येक दारीं एक मुंगना लागेल. कपाशीच्या पहिल्या तासाला व धुऱ्याला अंबाडी-चवळी पडेल, आणि तेवढ्या पट्ट्यांत विषाचा पंप जाणार नाहीं. रोज एका वेळीं तरी हिरवा पाला शिजेल, आणि तो आधीं घरांतल्या गरोदर बाईच्या व लेंकराच्या ताटांत पडेल. ह्याला सरकारची मंजुरी नको, बँकेचें कर्ज नको, कोणाची चिठ्ठीहि नको. बियाणें शेजारणीच्या गाडग्यांत आहे; मागून घ्या, आणि पुढच्या वर्षीं दुसरीला द्या.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों.